गेम बॉय, काही महिन्यांनंतर : सगळं सेलवर येऊन थांबतं

1989 चा जाडजूड राखाडी गेम बॉय, म्हणजे निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, आजही रोज खेळण्याजोगा आहे, फक्त सेलचं गणित जमलं पाहिजे. अल्कलाइन सेल घालू नका. खर्च वाढतोच, शिवाय एखादा पाझरला की स्प्रिंगा खराब होतात. (झाल्याच तर पांढऱ्या व्हिनेगरचा बोळा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळू द्या.) 2000 एमएएच क्षमतेचे चार निकेल मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारे) सेल एकदाच घ्यावेत. 4.8 व्होल्टवर यंत्र व्यवस्थित चालतं, पण हे सेल शेवटी एकदम मान टाकतात. लाल दिवा मंदावला की लगेच सेव्ह करायचं.

गेम मधेच बंद पडत असेल तर आधी पॉवर स्विच बघा. आतल्या पत्र्यांवर थर चढतो आणि व्होल्टेज तिथेच पडतं. अल्कोहोलचे दोन थेंब सोडून स्विच वीसेक वेळा मागेपुढे करा, बहुतेकदा काम होतं.

मूळ स्क्रीन काढून आयपीएस किट (आतून उजळणारी आधुनिक स्क्रीन) बसवावं असं सुरुवातीला वाटत होतं. आता नाही वाटत. किट सेल भराभर खातं, आणि 'टेट्रिस' मुळात चार छटांसाठीच रचलेला आहे: रंग नाहीत म्हणून ठोकळ्यांना वेगवेगळी नक्षी. वेगाने सरकणारे गेम मात्र मूळ स्क्रीनवर फरफटतात, ते मला अजूनही खटकतं.

जुन्या कन्सोलचा वारसा म्हटलं की वाद मारिओ-पोकेमॉनवर जातो. माझ्या मते खरा वारसा गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंची काटकसर आहे: जुनं, स्वस्त, पक्कं तंत्र नव्या कामाला लावायचं. 1990 चा सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल 3 ते 5 तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर 15 तास तरी जातो. निन्टेंडोच्याच 2017 च्या 'स्विच' कन्सोलमध्येही आधीपासून बाजारात असलेलीच एनव्हिडियाची टेग्रा चिप आहे.

आता कार्ट्रिजमधला, म्हणजे गेमच्या डबीतला, सेव्ह जपणारा सेल. 'पोकेमॉन गोल्ड'मध्ये घड्याळही त्याच सीआर2025 बटन सेलवर चालतं, म्हणून तो लवकर संपतो. सेल काढताच सेव्ह पुसलं जातं, त्यामुळे आधी कार्ट रीडरने (कार्ट्रिज कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) ते कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. स्क्रूला 3.8 मिमीचा गेमबिट हा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. सेल टॅब (सोल्डर करायच्या धातूच्या पट्ट्या) वेल्ड केलेलाच आणा. साध्या सेलवर थेट सोल्डर केलं तर तो तापून फुटू शकतो, आणि चिकटपट्टीने बसवलेला कधी ना कधी सैल होतोच.