जामीन मंजूर, माणूस आतच: कोकणातून पाहिलेली मोफत विधी सेवा

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत वकील सेवा जामिनाचा आदेश होईपर्यंत चांगली चालते. आदेशानंतर ती ढिली पडते, आणि कोकणातला कच्चा कैदी नेमका तिथेच अडकतो. त्यामुळे या परीक्षणात दुसऱ्या टप्प्याला जास्त जागा दिली आहे.

तुरुंगातल्या गर्दीशी याचा संबंध थेट आहे. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांची क्षमता 4,36,266 होती आणि आत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302 न्यायाधीन बंदी, म्हणजे कच्चे कैदी, खटला न संपलेले. शिक्षा झालेला एकही कैदी नसता तरी तुरुंग जवळजवळ भरलेलेच राहिले असते. खुलं कारागृह ही चांगली कल्पना आहे, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर 1939 पासून चालू आहे. पण ती सोय मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी. कच्च्या कैद्याला तिचा उपयोग नाही. नव्या बराकी बांधायच्या तर जागा आणि वर्षं दोन्ही लागतात, आणि अलिबागसारखा तुरुंग हिराकोट किल्ल्यात असेल तर तट मागे सरकवता येत नाही. जामीन झालेला माणूस त्याच आठवड्यात बाहेर काढणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि तो सरकारी कागदांवर आधीच लिहिलेला आहे.

आधी सेवा मिळते कशी ते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये कोठडीतली व्यक्ती हा स्वतंत्र गट आहे. तिला उत्पन्नाची अट लागत नाही. अटकेतल्या माणसाच्या बायकोकडे कोणी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागत असेल तर तो देऊ नका, कलम दाखवा. अर्ज तीन वाटांनी जातो: तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रातून, पहिल्या रिमांडला (अटकेनंतर कोठडीसाठी कोर्टात हजर करतात तेव्हा) न्यायाधीशांसमोर तोंडी सांगून, किंवा नातेवाइकाने तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जाऊन. फोनवरून विचारायचं तर 15100. फौजदारी कामासाठी 2022 च्या योजनेतून ‘लोक अभिरक्षक’, म्हणजे आरोपीच्या बाजूने मोफत लढणाऱ्या वकिलांची, कार्यालयं सुरू झाली. तिथले वकील पूर्णवेळ असतात, त्यांना खाजगी वकिली करता येत नाही, आणि जुन्या पॅनेल पद्धतीपेक्षा हे कितीतरी बरं आहे. पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला खाजगी वकील स्वतःच्या पक्षकाराची तारीख सांभाळून मग तुमच्याकडे वळायचा. इथे फाईल एका कार्यालयात राहते. कोणी पैसे मागितले तर तक्रार थेट प्राधिकरणाच्या सचिवांकडे. सचिव हे न्यायाधीशच असतात.

लोक अभिरक्षकाला पहिल्या दिवशी फाईल मिळते ती जवळजवळ रिकामी. घरच्यांनी एक कागद तयार ठेवावा: आरोपीचा कायमचा पत्ता आणि त्याचा पुरावा, किती वर्षं तिथे राहतो, घरात कोण अवलंबून आहे, काम काय, आधी शिक्षा झाली आहे का, दुसरी कुठली केस चालू आहे का, औषधपाणी काय आहे. एफआयआरची प्रत सोबत. हा कागद नसला की जामीन अर्ज छापील मजकुराचा होतो आणि न्यायाधीशांना आरोपीबद्दल पोलिसांनी सांगितलं तेवढंच कळतं. एक चूक फार घडते. मोफत वकील घेतल्यावर मध्येच गावातला ओळखीचा वकील लावतात, त्याचं वकीलपत्र दाखल होतं, मग आधीच्या वकिलाची नाहरकत मिळेपर्यंत तारीख वाया जाते. एकच वाट धरा.

आता दोन तारखा, ज्या घरच्यांनी स्वतः कॅलेंडरवर मांडायच्या.

पहिली दोषारोपपत्राची (पोलिसांच्या चार्जशीटची). भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 187 प्रमाणे 60 दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. अर्ज मुदत संपल्याच्या दुसऱ्याच सकाळी, दोषारोपपत्र दाखल होण्याच्या आधी द्यायचा. अर्ज दुपारी आणि दोषारोपपत्र सकाळी, असं झालं की हक्क गेला. साठावा दिवस गणपतीच्या सुट्टीत पडला म्हणून पोलिसांना जादा दिवस मिळत नाही. पण अर्ज घेऊन सुट्टीच्या न्यायाधीशांपुढे उभं राहायला कोणी तरी हवं, आणि सेवेची खरी कसोटी इथेच लागते. आदल्या आठवड्यातच लोक अभिरक्षकाकडे जाऊन तारीख लिहून घ्या. अमली पदार्थांच्या मोठ्या प्रकरणांत मुदत वेगळी असते, तिथे ही मोजणी लावू नका.

दुसरी तारीख याच संहितेच्या कलम 479 ची. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश. साध्या चोरीला कमाल 3 वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला 12 महिने, इतरांना 18. घरातल्या चोरीला 7 वर्षं, म्हणजे 28 महिने आणि 42 महिने. हे कलम जुन्या केसेसनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. मुदत भरताच अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, कैद्याने वाट पाहायची गरज नाही.

या कलमात एक ओळ अशी आहे की बहुतेक जण ती वाचतच नाहीत. पहिल्यांदा सापडलेल्याला ‘बंधपत्रावर’ सोडायचं आहे, आणि याच संहितेच्या व्याख्येत बंधपत्र म्हणजे जामीनदाराशिवाय दिलेली हमी. जामीनदारासह असेल ते जामीनपत्र. म्हणजे एक तृतीयांश मुदत भरलेल्या माणसाकडे जामीनदार मागायलाच नको. अर्जात ही व्याख्या ठळक लिहून द्या. न लिहिल्यास आदेशात सवयीने ‘एक सक्षम जामीनदार’ येतो. उलट बाजूही सांगायला हवी: एकाहून जास्त गुन्हे किंवा केसेस प्रलंबित असतील तर 479 चा फायदा मिळत नाही. दोन मोटारसायकलींच्या दोन केसेस असल्या तरी दार बंद. तिथे नेहमीचा गुणवत्तेवरचा जामीन अर्जच करावा लागतो.

आता जामीनदार. पंधरा हजारांचं जातमुचलकं (आरोपीची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, असा आदेश कुठेही होतो. घाटावर सातबारा घेऊन चुलता येतो आणि काम संपतं. कोकणात सातबारा उघडला की आजोबांचं नाव, खाली पणजोबांच्या भावांची नावं, अर्धे वारले, उरलेले भांडुप-विरारला, आणि क्षेत्र सामाईक. आपल्या वाटणीला किती येतं ते उताऱ्यावर नसतं. जामीनदार म्हणून उभा राहिलेल्या माणसाची ऐपत त्यातून दिसत नाही आणि कागद परत येतो. वारस नोंद करून घेऊ म्हणाल तर फेरफाराच्या नोटिशीची मुदतच 15 दिवसांची. त्यावर कोणी हरकत घेतली तर विसराच. भावकीतला एक तरी हरकत घेतोच.

म्हणून सातबाऱ्यामागे लागू नका. कोकणात चालणारे पर्याय क्रमाने असे. पहिला, पगारदार माणूस: शिक्षक, एसटीचा कर्मचारी, ग्रामपंचायतीचा शिपाई, तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि ओळखपत्र. दुसरा, स्वतःच्या नावावरच्या घराचा ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा आणि घरपट्टीची चालू पावती. तिसरा, बँकेची मुदत ठेव. सातबाराच द्यायचा असेल तर एकट्याच्या नावाचा, डिजिटल स्वाक्षरीचा. तो 15 रुपयांत निघतो, तलाठ्याच्या सहीसाठी थांबावं लागत नाही. जामीनदाराने आणखी किती आरोपींना जामीन दिला आहे हे कलम 486 प्रमाणे प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं, ते खोटं निघालं की जामीनदार आणि आरोपी दोघेही गोत्यात. आधार, रेशन कार्ड आणि दोन फोटो हे तर धरूनच चाला.

मुंबईचा भाऊ चालेल का? चालतो. जामीनदार स्थानिकच हवा ही अट लावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांत आहे, आणि परजिल्ह्यातला जामीनदार नाकारण्यावर न्यायालयाने 1978 मध्येच मोतीराम प्रकरणात कान उपटले होते. अडचण कायद्याची कमी, रजेची जास्त. मुंबईकर भाऊ गावी येतो तो गणपतीला किंवा शिमग्याला, आणि तेव्हा कोर्टालाही सुट्टी. एकाच माणसावर चार-पाच गुन्हे असतील तर प्रत्येक केसला वेगळा जामीनदार शोधत बसू नका. तेच जामीनदार सगळीकडे चालू शकतात, असा निकाल ऑगस्ट 2024 मध्ये गिरीश गांधी प्रकरणात झाला आहे.

सगळ्यांत हाल परक्या मजुरांचे. आंबा बागेत राखणीला असलेला नेपाळी, मच्छीमार बोटीवरचा परप्रांतीय खलाशी, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेलं कुटुंब: यांच्यासाठी कोणता जामीनदार उभा राहणार? मालक पहिल्या दिवशी येतो, नंतर दिसत नाही. यांच्यासाठी जामीन अर्जातच दोन मागण्या घालून ठेवायच्या. एक, जामीनदाराऐवजी कलम 490 खाली रोख रक्कम. दोन, तात्पुरत्या रोख जामिनावर आधी सुटका आणि जामीनदार देण्यासाठी चार ते सहा आठवड्यांची मुदत. ही दुसरी मागणी महाराष्ट्रातल्या कोर्टांत रूढ आहे, पण मागितली तरच मिळते. आदेश झाल्यावर वेगळा अर्ज करायचा म्हणजे आणखी एक तारीख. रक्कमच जास्त वाटत असेल तर सत्र न्यायालय ती कमी करू शकतं, कलम 484.

विधी सेवा इथे कमी पडते. लोक अभिरक्षकाचं काम आदेशाबरोबर संपलं असं फाईलवर दिसतं. जामीनदार शोधणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या त्याच निर्देशांत उपाय सांगितला आहे: जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात, सात दिवसांत सुटका नाही झाली तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा वकील पाठवायचा, आणि महिना उलटला तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करायचा. कागदावर यात काही उणं नाही. पण आठव्या दिवशी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. नातेवाइकांनी सचिवांच्या नावे अर्ज द्यावा: केस नंबर, आदेशाची तारीख, जामीनदार का मिळत नाही याचं एका ओळीत कारण. अर्जाची पोच घ्या.

गरीब कैद्यांसाठी केंद्राची आर्थिक साहाय्य योजनाही आहे. जून 2023 च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत मर्यादा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40,000 रुपयांची, आणि शिक्षा भोगून केवळ दंड न भरल्यामुळे आत असलेल्यासाठी 25,000 ची होती. निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, प्राधिकरण सचिव, तुरुंग अधीक्षक आणि एक न्यायाधीश यांची समिती घेते. चांगली योजना, पण घाईच्या कामाची नाही. मूळ सूचनांप्रमाणे सात दिवस वाट, दहा दिवस चौकशी, मग दोन-तीन आठवड्यांनी होणारी बैठक, असा क्रम होता. महिन्याहून जास्त जायचा. दहा हजारांची सोय घरून होत असेल तर योजनेची वाट पाहू नका. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, बेकायदा कारवाया प्रतिबंधक आणि भ्रष्टाचारविरोधी कायद्याखालच्या आरोपींना ती मिळतही नाही.

उच्च न्यायालयाची पायरी आता सोपी झाली आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आंबा घाट किंवा गगनबावडा ओलांडून त्याच दिवशी परत येता येतं, मुंबईचा मुक्काम वाचतो. रायगडला मात्र मुंबईच.

एकूण पाचपैकी साडेतीन. वकिली कामाला चार, आदेशानंतरच्या पाठपुराव्याला दोन. साध्या चोरी-मारामारीच्या केसला खाजगी वकिलाला वीस-तीस हजार देण्याआधी ही सेवा जरूर घ्या, आणि वाचलेले पैसे रोख जामिनासाठी ठेवा. गुंतागुंतीचा आर्थिक गुन्हा असेल, शेकडो पानांची बँक खाती तपासायची असतील, तर लोक अभिरक्षकाकडे तेवढा वेळ नसतो. तिथे विचार करून ठरवा.

सुटकेच्या दिवसाबद्दल थोडं. सुटकेचा आदेश संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद करण्याआधी तुरुंगात पोचला नाही तर माणूस दुसऱ्या दिवशीच बाहेर येतो. मंडणगड ते रत्नागिरी दीडशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे उत्तरेकडच्या तालुक्यांत जामीनदाराचं काम दुपारी बारापर्यंत उरकेल असं पाहा. आदेश कोर्टातून निघण्याआधी चार गोष्टी वाचून घ्या: नावाचं स्पेलिंग एफआयआरप्रमाणेच आहे का, गुन्हा नंबर, सगळी कलमं, आणि पोलीस ठाणं. एक कलम राहिलं तरी तुरुंगातून आदेश परत येतो. दुसऱ्या केसचं वॉरंट तुरुंगात पडून आहे का हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा, नाहीतर या केसमध्ये सुटलेला माणूस दारातूनच पुन्हा आत घेतला जातो.