बेळगाव-खानापूर रोजची ये-जा, जुनी पेट्रोल हॅचबॅक: 11 महिन्यांचा अनुभव (लाईट, आवाज, सर्व्हिस सगळं)

गाडी घेऊन पंधरा दिवसात लिहिलेले अनुभव मी पण भरपूर वाचले होते, खरं पंधरा दिवसात गाडीचं काय कळतंय, निदान एक पावसाळा तरी काढायला पाहिजे आणि पावसाळा पण आमच्या खानापूर साईडचा. म्हणून मुद्दाम थांबले. आता 11 महिने झाले, मीटर 58,200 चा 73,000 वर आलाय, आता लिहिते.

गाडी 2017 ची, 1.2 पेट्रोल, मॅन्युअल, एबीएस आहे. मॉडेलचं नाव लिहीत नाही कारण खाली जे सांगणार आहे त्यातलं बहुतेक कुठल्याही छोट्या पेट्रोल गाडीला लागू होतंय. निपाणीच्या एका सरांकडून घेतली, केए 23 पासिंग. कोल्हापुरात अशीच गाडी चाळीस हजारानं कमी मिळत होती, खरं एमएच 09 म्हटलं की एनओसी आली, कर्नाटकचा रोड टॅक्स आला, आरटीओच्या फेऱ्या आल्या, त्या चाळीस हजारात काय उरलं नसतं. माझी नोकरी खानापुरात, घर टिळकवाडीत, रोज येऊन जाऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि महिन्यादीडमहिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोव्याला बहिणीकडे.

घेताना एक गोष्ट केली ती सगळ्यांनी करा. इंजिन चालू न करता नुसती किल्ली ऑनला फिरवा आणि डॅशबोर्डकडे बघा. ऑईल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग सगळे लाईट लागलेच पाहिजेत, गाडी त्या वेळी बल्ब तपासत असते, आणि इंजिन चालू झालं की एकेक करून सगळे विझले पाहिजेत. मी आधी एक गाडी बघितली होती, दिसायला एकदम टकाटक, खरं किल्ली फिरवली तर चेक इंजिनचा लाईट लागलाच नाही. विकणारा म्हणाला बघा की काहीच लाईट नाही, गाडी एकदम ओके. न लागणं हाच तर प्रॉब्लेम! म्हणजे आत कुणीतरी बल्ब काढलाय नाहीतर वायर तोडलीय, आतला बिघाड लपवायला. ती गाडी सोडली.

आता रंगांचं. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर बघून घ्या, हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे एवढंच सांगतोय. माझ्या गाडीला टेम्परेचरचा काटा नाही, सकाळी इंजिन गार असताना निळा लाईट असतो तो चारपाच मिनिटात जातो, जास्त तापलं तर तोच लाल होतो. पहिल्या आठवड्यात त्या निळ्याला घाबरून मी बाबांना फोन केला होता. निळा असेपर्यंत गाडी रेटायची नाही, गार इंजिनला जोर द्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. तसंच एसी चालवल्यावर गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं, आईला वाटलं गाडी फुटली. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, त्याला काय होत नाही. हिरवं, गुलाबी नाहीतर चिकट काही असेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), काळं-तपकिरी तेलकट असेल तर ऑईल. रात्री खाली एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी बरोबर कळतंय कुठून काय गळतंय ते.

खरी गोष्ट सुरू झाली जुलैमध्ये. जांबोटीच्या पुढे धो धो पाऊस, चढावर गाडी अचानक थरथरायला लागली, पिकअप गेला, आणि चेक इंजिनचा पिवळा लाईट नुसता लागला नाही तर लुकलुकायला लागला. हा फरक मला आधी माहीत नव्हता. लाईट स्थिर असेल तर गाडी जपून घरी नेता येते आणि एकदोन दिवसात दाखवता येते, खरं लुकलुकत असेल तर मिसफायर होतोय, म्हणजे एका सिलिंडरमधलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतोय. तो पार्ट भयंकर महाग आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर लगेच कमी करायचा आणि जमेल तिथं बाजूला घ्यायची.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, बिल दिलं, म्हणाले सेन्सरचं होतं, झालं. चार दिवसांनी पाऊस आला तसा लाईट परत हजर. मग उद्यमबागेतल्या आमच्या ओळखीच्या मेस्त्रींकडे गेले. मी तोपर्यंत सातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला होता, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात लावायचा, मोबाईलवर कोड दिसतो. माझा कोड होता पी0303, म्हणजे तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. मी मेस्त्रींना म्हटलं, कोड पुसून बघूया का? तर ते म्हणाले, "अक्का, लाईट घालवून काय करतासा? आधी कॉईल काढून बघूया की."

आणि त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. तीन नंबरची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) काढली आणि दोन नंबरला बसवली, दोनची तीनला. म्हणाले पावसात चालवून या. दोन दिवसांनी कोड आला पी0302! कॉईलबरोबर बिघाडही सरकला, म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, सेन्सर तर नाहीच, कॉईलच खराब. तिला बारीक चीर गेली होती, ओल धरली की करंट तिथून पळत होता. नवीन कॉईल 1,900 रुपये, त्यानंतर आजपर्यंत तो लाईट नाही. कोड तुम्हाला गल्ली सांगतो, घर नंबर सांगत नाही, घर शोधायला माणूसच लागतो. आणि कोड पुसून गाडी परत देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून ठेवण्यासारखं आहे, मला त्याचा अजून राग येतो, कारण मधले चार दिवस मी ती तशीच चालवली.

त्या दिवशी मेस्त्रींनी एक सवय लावली. विचारलं, लाईट लागला तेव्हा पाऊस होता का, चढ होता का, एसी चालू होता का, इंजिन गार होतं की गरम? मला निम्मं आठवेना. तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आहे, काही दिसलं, ऐकू आलं, वास आला की थांबल्यावर तारीख, किलोमीटर आणि काय चाललं होतं ते दोन ओळीत लिहायचं. स्कॅनरपेक्षा या वहीनं माझे जास्त पैसे वाचवलेत.

हे बघा ना, ऑगस्टमध्ये संध्याकाळी परत येताना देसूरजवळ बॅटरीचा लाल लाईट लागला. मला वाटलं बॅटरी गेली. खरं हा लाईट म्हणजे चार्जिंग होत नाही असा अर्थ, बहुतेक वेळा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो) नाहीतर त्याला फिरवणारा बेल्ट. स्कॅनरवर व्होल्टेज बघितलं तर 12.1, इंजिन चालू असताना साडेतेरा-चौदाच्या पुढे पाहिजे. एसी, ब्लोअर, गाणी सगळं बंद केलं, हेडलाईट आणि वायपर तर बंद करता येत नव्हते, मच्छे-पिरनवाडी करत कशीबशी पोचले. एक लक्षात ठेवा, पुष्कळ गाड्यांना तोच बेल्ट वॉटर पंप पण फिरवतो, तेव्हा बेल्ट तुटला असेल तर इंजिन पण तापणार, टेम्परेचरचा लाल दिसला की तिथंच बंद करायची, बॅटरी पुरतेय म्हणून पुढं न्यायची नाही. माझ्या वहीत आधीच तीन वेळा लिहिलेलं होतं, "सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर चूं चूं आवाज, पाऊस असला तरच, मिनिटभरात बंद." मेस्त्रींनी ते वाचलं आणि थेट बेल्टलाच हात घातला. घासून गुळगुळीत झालेला, सैल पण होता. 900 रुपयात काम. नाहीतर नवीन बॅटरी माथी मारून घेतली असती मी. (बॅटरी नंतर जानेवारीत बदललीच, चार वर्षांची झाली होती, रात्रभर उभी राहून 12.2 दाखवायला लागली. चांगली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते.)

गणपतीच्या आधी एबीएसचा पिवळा लाईट. ब्रेक साधे लागतातच, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ न देण्याची सोय बंद होते, म्हणून ओल्या रस्त्यावर अंतर जास्त ठेवून चालवली. मला वाटलं लाल मातीचा चिखल सेन्सरवर बसला असेल, तसं पण होतं, खरं निघाली उंदरानं कुरतडलेली वायर. घराशेजारी मोकळी जागा आहे, पावसात बिळात पाणी गेलं की उंदीर गरम इंजिनापाशी येतात. आता रोज रात्री बॉनेटखाली नॅप्थलिनच्या गोळ्या कापडात बांधून ठेवते, आणि आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन आत बघते. थोडा फरक पडलाय.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते. नोव्हेंबरमध्ये गोव्याला जाताना कणकुंबी सोडली, चोर्ल्याची उतरण सुरू झाली, आणि एका डाव्या वळणावर ब्रेकचा लाल लाईट क्षणभर लागला आणि गेला. हँडब्रेक तर खाली होता. पुढच्या डाव्या वळणाला परत. उजव्या वळणाला नाही. पहिल्या सपाट जागेला बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, ब्रेक ऑईलच्या डबीत लेव्हल खालच्या खुणेच्या पण खाली. वळणावर ऑईल एका बाजूला सरकत होतं आणि सेन्सर उघडा पडत होता. मेस्त्रींना फोन केला, त्यांनी एकेक करायला लावलं: चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का, नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय का, नाही, घट्ट आहे. मग म्हणाले गळती नाही, ब्रेकचे पॅड संपत आलेत, पॅड झिजतील तसं ऑईल खाली जातंय, दुसऱ्या गिअरात सावकाश उतरा आणि खाली गोव्यातल्या साखळी गावात दाखवा. पेडल स्पंजासारखं लागलं असतं नाहीतर खाली बसलं असतं तर गाडी एक फूट पण हलवायची नव्हती.

साखळीत पॅड काढले, दोन मिलिमीटर राहिलेले. नुसतं ऑईल भरून पुढं गेले असते तर लाईट गेला असता आणि पॅड तसेच संपले असते! ब्रेक ऑईल तेव्हाच सगळं बदललं, ते हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं, नाहीतर घाटात ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ जातं. घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा हे आमच्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी खरं आहे, आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर नाहीतर इंजिन बंद करून कृपा करून उतरू नका, इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत एकदोन दाबात संपते.

ऑईलच्या लाल लाईटचा अनुभव मला आला नाही, येऊ पण नये. तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा असतो. लागला की बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद, पुढच्या गॅरेजपर्यंत पण नाही. मी दर रविवारी सपाट जागेवर, गार इंजिनवर डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघते, दोन मिनिटांचं काम.

बाकी किरकोळ सवयी. रिव्हर्स कधी कधी पडत नाही, जोर लावायचा नाही, न्यूट्रल करून क्लच सोडून परत दाबायचा, पडतो. पावसात रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर येते, डिस्कवरचा गंज असतो, दोनतीन ब्रेकमध्ये जातो, खरं रोज दिवसभर किंचाळण्यासारखा आवाज येत असेल तर पॅड बघा. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून चारचार दिवस ठेवायची नाही, ड्रम चिकटतात, सपाट जागेवर गिअरात ठेवून चाकाला दगड लावते. काचेवर आतून धुकं आलं की फडक्यानं पुसत बसू नका, एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

सर्व्हिस 10,000 किलोमीटर नाहीतर वर्ष, जे आधी येईल ते. एअर फिल्टर मात्र मी त्याच्या आधीच बघते, उसाच्या सीझनला संकेश्वर-चिकोडी साईडला चारपाच वेळा जाणं झालं, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागची धूळ सगळी त्या फिल्टरमध्ये, फेब्रुवारीत काढला तर तांबडा झाला होता. कूलंट तयार मिळतं तेच घालते, बोअरचं पाणी नाही, क्षार बसतात. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही म्हणू दे.

ॲव्हरेज टाकी टू टाकी 17 च्या आसपास, पावसाळ्यात 16. सगळी सर्व्हिस, पार्ट, बॅटरी धरून 11 महिन्यात 21 हजारांच्या आत खर्च झालाय, जुन्या गाडीला मला हा ठीक वाटतो. घ्यावी का? रोजचा पन्नास किलोमीटरचा प्रवास असेल, हाताशी एक समजून सांगणारा मेस्त्री असेल तर नक्की घ्या. मेस्त्री नसेल तर आधी तो शोधा, मग गाडी.

आता दोन कामं राहिलीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, माझ्या मागच्या दोन्हीवर 2319 आहे, म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातले, नक्षी अजून आहे खरं रबराला बारीक चिरा दिसायला लागल्यात, मिरगाच्या आधी बदलणार. आणि मागून डावीकडून कपिलेश्वर ब्रिजच्या जॉईंटवर टक् असा आवाज येतोय, एकटी असताना येतो, मागं माणसं बसली की येत नाही. वहीत लिहून ठेवलंय, शनिवारी मेस्त्रींना दाखवते.