साधा सीटी करावा की थेट पेट-सीटी?

मामांच्या मानेत गाठ आली. परभणीत सुईने तपासणी झाली, कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी पेट-सीटी लिहून दिला. लगेच घरात दोन तट. एक म्हणे, साधा सीटी करा, स्वस्तात होतोय. दुसरा म्हणे, करायचंच तर मोठं करा. दोघांचंही अर्धंच बरोबर होतं.

सीटी आकार दाखवतो: गाठ कुठे, केवढी, हाडाला लागली का. मानेतली गाठ १ सेंटिमीटरच्या आत असली की सीटीवर ती बहुधा साधीच धरली जाते. पेट आकार नाही, भूक बघतो. शिरेतून किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली साखर देतात. कर्करोगाच्या पेशी ती अधाशासारख्या ओढतात आणि ती जागा उजळते. पण नुसत्या पेटवर हा डाग नेमका कशात आहे ते कळणं अवघड, म्हणून १९९८ मध्ये पिट्सबर्गला दोन्ही यंत्रं एकत्र आणली. पेशंट एकदाच झोपतो, चित्रावर चित्र बसतं. मामांची गळ्याच्या हाडाजवळची ९ मिलिमीटरची गाठ अशीच सापडली. नुसत्या सीटीत तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

म्हणून महाग तेच खरं, असं नाही. टीबीची गाठही साखर खाते आणि कर्करोगासारखीच उजळते; आपल्याकडे हा घोळ नेहमीचा. तुकडा तपासल्याशिवाय उजळलेल्या डागाला घाबरू नका. उलट फुप्फुसातला ८ मिलिमीटरहून लहान ठिपका पेटमध्ये बरेचदा दिसतच नाही, तो सीटीच पकडतो. मेंदू तर कायमच साखर खातो, त्यामुळे तिथली छोटी गाठ पेटमध्ये झाकली जाते; तिथे एमआरआय हवा. पेटला सीटीऐवजी एमआरआय जोडला की झाला पेट-एमआरआय; त्यात किरणोत्सर्ग कमी, म्हणून लहान मुलांसाठी बरा. पण वेळ जास्त लागतो आणि पेसमेकर असेल तर आधी सांगावं लागतं.

खरी परीक्षा तयारीची. शिरेतून द्यायच्या या साखरेतला किरणोत्सर्ग साधारण ११० मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे वेळ चुकली की गेलं. मामा पहाटेच्या एसटीने संभाजीनगरला निघाले, वाटेत स्टँडवर गोड चहा. ‘चहाच तर घेतला की!’ आधीच मधुमेह, साखर २०० च्या वर गेली, स्कॅन रद्द. दुसऱ्या खेपेला उपाशी आले, सुईही लागली, आणि तासभर शांत पडायचं तर यांनी तंबाखूची चिमूट काढली. नर्सने हातातून घेतली. चघळलं की जबड्याचे स्नायूही उजळतात, आणि रिपोर्ट वाचणारा बुचकळ्यात पडतो.

काही त्रास नसताना ‘फुल बॉडी’ म्हणून पेट-सीटी करायला निघालेलेही भेटतात. माझं मत, करू नका. किरणोत्सर्ग फुकटचा आणि नको त्या डागांच्या मागे धावणं वेगळं. तंबाखू खाणाऱ्याने आधी आरशात तोंड बघावं: पांढरा चट्टा, न भरणारी जखम, कमी उघडणारं तोंड. यातलं एकही दिसलं तर संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवा. त्याला टॉर्च पुरतो, स्कॅन नंतर.

स्कॅन लिहून दिला असेल तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: याने उपचार बदलणार आहे का, आणि जन आरोग्य योजनेत बसतो का. मामांच्या बाबतीत पहिल्याचं उत्तर ‘हो’ होतं. किरणोपचाराचं क्षेत्र त्या गळ्याच्या हाडाजवळच्या गाठीपर्यंत वाढवलं.