पंख्यासाठी रेग्युलेटर निवडताना: पाच टप्प्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर

छताच्या साध्या पंख्यासाठी रेग्युलेटर घ्यायचा झाल्यास आत कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा सुटा भाग) असलेला, पाच टप्प्यांचा आणि दोन मॉड्यूल आकाराचा (बोर्डाच्या प्लेटवरील एका साध्या स्विचची जागा म्हणजे एक मॉड्यूल) घ्यावा, असे माझे मत घरातील वापरावरून पक्के झाले आहे. दुकानात नुसते ‘रेग्युलेटर द्या’ म्हटले की विक्रेता हाताला येईल तो पुढे करतो, म्हणून प्रकार आपणच सांगावा.

लाकडी बोर्डावर बसणारे जुने ठोकळेबाज रेग्युलेटर दणकट होते. मात्र त्यांच्या आतील रोधाची तार विजेचा जास्तीचा दाब (व्होल्टेज) उष्णतेत घालवीत असल्यामुळे पंखा हळू फिरवूनही विजेची बचत फारशी होत नसे. त्यांच्यानंतर आलेला, गोल बटण सलग फिरवता येणारा ट्रायॅकचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचचा, रेग्युलेटर स्वस्त आणि आटोपशीर असतो. तो विजेच्या लहरीचा काही भाग सेकंदाला शंभर वेळा कापून पंख्याला देतो आणि त्यामुळे कमी वेगावर मोटर घुमू लागते. दिवसा ते जाणवत नाही, पण रात्री सगळे शांत झाल्यावर तीच घरघर डोक्यात बसते. जवळ मध्यम लहरींवर आकाशवाणी लावली, तर तिथेही खरखर ऐकू येते.

कपॅसिटरचा रेग्युलेटर लहर न कापता केवळ दाब कमी करतो, त्यामुळे पंखा कमी वेगावरही जवळजवळ निःशब्द फिरतो आणि रेग्युलेटर फारसा तापत नाही. बटण प्रत्येक आकड्यावर ‘कट्’ असा आवाज करून घट्ट बसले पाहिजे. दोन आकड्यांच्या मध्ये ते रेंगाळत असेल, तर तो नग दुकानातच परत करावा. उणीव एवढीच, की वेग ठरावीक टप्प्यांतच मिळतो आणि 4 वरून 5 वर जाताना वारा एकदम वाढतो, कारण 5 वर पंख्याला थेट पूर्ण दाब मिळतो. जुना, जड झालेला पंखा 1 वर सुरूच होत नाही; तो आधी 4 वर फिरवून मग खाली आणावा लागतो.

एक मॉड्यूलचा रेग्युलेटर बोर्डावर नीटस दिसतो, परंतु इतक्या लहान जागेत कपॅसिटर कोंबून बसवलेले असतात; बोर्डात जागा असेल, तर दोन मॉड्यूलचाच बरा. एका कंपनीचा रेग्युलेटर दुसरीच्या प्लेटमध्ये बसेलच असे नाही, म्हणून जुन्या प्लेटवरील कंपनीचे नाव पाहून जावे. नव्या रेग्युलेटरवर आयएस 11037 या भारतीय मानकाचा उल्लेख आणि वॅटची मर्यादा छापलेली असावी. साधा पंखा सुमारे 75 वॅटचा असल्याने 100 वॅटची मर्यादा पुरते. बिनछापी मालाशी तुलना करता शे-दोनशे रुपये जास्त जातात, पण तिथे काटकसर करू नये. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) पंख्याला मात्र यांपैकी कोणताही रेग्युलेटर जोडू नये. वेग सांभाळणारे सर्किट त्याच्या आतच असते आणि बाहेरून दाब कमी केल्यास ते बिघडू शकते.

नवा रेग्युलेटर घेण्याआधी एक गोष्ट तपासावी. पंखा 5 वर व्यवस्थित फिरून बाकीच्या आकड्यांवर बंद पडत असेल, तर दोष रेग्युलेटरचा समजावा. 5 वरही तो संथ फिरत असेल, तर बहुतेक वेळा पंख्याचाच कपॅसिटर, म्हणजे वायरमनच्या भाषेत ‘कंडेन्सर’, कमजोर झालेला असतो. मेन स्विच बंद करून पंख्यावर लिहिलेल्या मूल्याचा, बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा, नवा बसवून घेतला की रेग्युलेटरचा खर्च वाचतो.