पद्मिनीचे पुढचे बोल्ट: स्टेनलेस की ८.८?

प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचा बोल्ट काढलात की आधी त्याच्या दांड्यावरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं, तर तो परत लावायचा नाही. मग बदली कोणता? स्टेनलेस दिसतो झकास, मुंबईच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतही नाही. पण बाजारातला नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट साधारण ४५० मेगापास्कल (ताणाचं माप) एवढ्यालाच कायमचा ताणला जातो, डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला कार्बन पोलादाचा बोल्ट ६४० पर्यंत तग धरतो. शिवाय स्टेनलेसचे आटे कसता कसता एकमेकांत जाम होतात, मग ग्राइंडरने कापायचाच. मी ८.८ च घेतो, नायलॉक नटही (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) नवा. गंजाचं म्हणाल तर पावसाळ्यानंतर बाहेरून ग्रीस फासायचं. कसून झालं की नटावरून बोल्टच्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ ओढतो. रेघ सरकलेली दिसली की समजायचं, नट फिरलाय.