ऑल-टेरेन टायर निवडताना नक्षी नंतर बघा, साइडवॉल आधी

ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे एटी टायर घ्यायचे ठरले की नजर आधी नक्षीवर जाते. ठोकळे जितके मोठे, तितका टायर दणकट, असा सरळ हिशोब असतो. रोज डांबरावर आणि अधूनमधून कच्च्या वाटेवर जाणाऱ्या गाडीसाठी हा हिशोब बऱ्याचदा फसतो. नक्षीवरून चिखलातली पकड आणि आवाज यांचा अंदाज येतो. गाडी किती आदळेल, इंधन किती जास्त लागेल, टोकदार दगडावर टायर तगेल की फाटेल, हे मुख्यतः आतल्या सांगाड्यावर, म्हणजे रबराखालच्या थरांच्या बांधणीवर ठरतं. त्या सांगाड्याची माहिती साइडवॉलवरच, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर छापलेली असते, पण ती फारसं कोणी वाचत नाही.

नक्षी: सौम्य, आक्रमक आणि त्यापुढचं

हायवे टेरेन, म्हणजे एचटी, हा डांबराचा टायर. कोरड्या मातीच्या रस्त्यावर तोही चालतो. ओल्या मातीत मात्र त्याच्या अरुंद खाचा चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत भरतात आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरतो.

सौम्य एटीमध्ये योकोहामा जिओलँडर ए/टी जी०१५ किंवा कूपर डिस्कव्हरर एटी३ ४एस यांसारखे टायर येतात. यांचे ठोकळे एकमेकांच्या जवळ असतात आणि प्रत्येकावर बारीक चिरा, म्हणजे साइप, भरपूर असतात. ओल्या डांबरावर याच चिरा कामाला येतात. त्यांच्या कडा पाण्याचा पातळ थर कापतात आणि रबर रस्त्याला टेकतं. आक्रमक एटी किंवा आरटी (रग्ड टेरेन), उदाहरणार्थ बीएफगुडरिच केओ२ किंवा टोयो ओपन कंट्री आर/टी, यांत ठोकळे मोठे, मधली जागा जास्त आणि खांद्याची, म्हणजे कडेची नक्षी साइडवॉलवर उतरलेली असते. चाक वेगाने फिरलं की अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि खाच पुन्हा मोकळी होते. त्याची किंमत ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगमध्ये मोजावी लागते. रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं, मोठे ठोकळे ब्रेक लावताना वाकतात, आणि दगडाने टवके उडू नयेत म्हणून बनवलेलं रबर ओल्यात तितकं चिकटत नाही. मड टेरेनमध्ये, म्हणजे एमटीत, हे सगळे तोटे आणखी वाढतात. रोजच्या वापराच्या गाडीला एमटी घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

वाळूबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. वाळूत खोल नक्षीचा काही उपयोग नाही. उलट आक्रमक टायर वाळू उकरत खाली जातो. तिथे हवा कमी केलेला सौम्य एटी बरोबरीने चालतो, कधी जास्त चांगला चालतो. खडीच्या रस्त्यावरही दोघांत फार फरक पडत नाही. आक्रमक नक्षीचा खरा फायदा चिकट चिखलात आणि तुटक्या खडकावरच दिसतो. असा भूभाग वर्षातून एखाद्या वेळीच येत असेल, तर बाकीचे सगळे दिवस आवाज आणि लांबलेलं ब्रेकिंग कशाला सोसायचं?

सांगाडा: साधा की एलटी

निवडीचा खरा प्रश्न हा आहे. २६५/७० आर१७ हीच साईज दोन प्रकारांत मिळते: साधी, प्रवासी गाड्यांची बांधणी आणि एलटी, म्हणजे लाइट ट्रकची बांधणी. साध्या बांधणीत लोड इंडेक्स ११५ असतो, म्हणजे एका टायरवर १,२१५ किलो. एलटी बांधणीत, लोड रेंज ई असेल तर, १२१/११८ असं लिहिलेलं असतं: एकटं चाक असेल तर १,४५० किलो, जोडचाक असेल तर प्रत्येकी १,३२०. लोड रेंज ई म्हणजे '१० प्लाय', पण आत खरोखर दहा थर नसतात. तो फक्त ताकदीचा जुना दर्जा आहे. साइडवॉलमध्ये साधारण दोन किंवा तीन पॉलिएस्टरचे थर असतात. दगडाळ वाटेसाठी टायर घेताना दुकानदाराला प्लाय रेटिंग विचारण्याऐवजी साइडवॉलमध्ये प्रत्यक्ष थर किती, ते विचारा. हा आकडाही टायरवर छापलेला असतो.

या साईजमध्ये एलटी टायर साध्यापेक्षा साधारण ४ ते ६ किलो जड असतो. हे वजन स्प्रिंगच्या खाली, फिरत्या भागात वाढतं. म्हणून गाडी उचल कमी घेते, ब्रेकवर ताण येतो, इंधन जास्त लागतं आणि खराब डांबरावर प्रत्येक खड्डा स्टिअरिंगपर्यंत पोचतो.

दुसरी गोष्ट हवेची, आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. तेवढंच वजन पेलायला एलटीला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय लिहिलं असेल, तर एलटीला ४० च्या आसपास लागणं नेहमीचं आहे. नेमका आकडा टायर कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यातून घ्यावा. जुन्याच ३२ वर गाडी पळवली तर साइडवॉल जास्त वाकते, टायर तापतो आणि दोन्ही खांदे आधी झिजतात. उलट टोक म्हणजे साइडवॉलवरचा कमाल ८० बघून हवा ठासून भरणं. मग टायर फक्त मधून झिजतो आणि ओल्या रस्त्यावर घसरतो.

मग एलटी कोणी घ्यावा? वाट धारदार दगडांची असेल, गाडी कायम लादलेली किंवा ट्रेलर ओढणारी असेल, किंवा वस्तीपासून दूर लांब खडीचा प्रवास नेहमीचा असेल, त्यांनी. ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं पंक्चर प्लग मारून निघतं, पण साइडवॉल फाटली की टायर बाद. बाकी सगळ्यांना साध्या बांधणीचा सौम्य एटी पुरतो. मधला पर्याय म्हणून लोड रेंज सी आहे. काही साईजमध्ये तो मिळतो आणि ईपेक्षा हलका, मऊ असतो.

साईज वाढवताना

२६५/६५ आर१७ चा व्यास सुमारे ७७६ मिमी, २६५/७० आर१७ चा ८०३. फरक २७ मिमी, पण गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, म्हणजे जेमतेम १३ मिमी. स्पीडोमीटर आधी अचूक असेल, तर १०० दाखवताना गाडी १०३ च्या वर असते. टायर घासतो का, ते सरळ उभ्या गाडीत कळत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढे आणि मागेही चालवून, एक चाक उंचवट्यावर चढवून आतलं लायनर आणि मडफ्लॅप तपासा. नवी साईज स्टेपनीच्या जागेत बसते का, हेही आधीच बघा. लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नये.

हवा कमी करणं

एचटीवरून एटीवर गेल्याने जितका फरक पडतो, त्याहून जास्त फरक कच्च्या वाटेवर हवा कमी केल्याने पडू शकतो. साध्या बांधणीच्या टायरसाठी सुरुवातीचे आकडे असे: खडबडीत खडीवर २५-२६, खडकावर २०-२२, वाळूत १६-१८. एलटीची भिंत ताठ असल्याने तोच फुगवटा यायला काही पीएसआय आणखी खाली जावं लागतं. १५ च्या खाली गेल्यावर जोरात वळलं, तर टायरची बीड, म्हणजे रिमला धरणारी कड, रिमवरून सुटू शकते. वाळूच्या दाबावर वेग ताशी ३०-४० किमीच्या आत ठेवा आणि डांबर लागताच कंप्रेसरने हवा भरा. कंप्रेसर आणि चांगला गेज नसेल, तर महागड्या नक्षीवर खर्च करण्याआधी ते घ्या.

झीज आणि खरेदीच्या वेळची तपासणी

एटी टायरचे ठोकळे सुटे असल्याने त्यांची एक कड आधी झिजते आणि घूं-घूं आवाज वाढत जातो. दर ८ ते १० हजार किमीला चाकांच्या जागा बदलल्या तर हे बरंच टळतं. स्टेपनी त्याच मॉडेलची असेल, तर तिलाही फेऱ्यात घ्या. चारही चाकांना सतत जोर देणाऱ्या गाडीत दोन नवे आणि दोन झिजलेले टायर घालू नका. व्यासातल्या फरकामुळे डिफरन्शियल किंवा कपलिंगवर सतत ताण येतो. झिजेची खूण १.६ मिमीवर येते, पण ट्रेड ४-५ मिमी उरला की चिखलातला एटी जवळपास एचटीसारखाच वागतो.

बर्फाचे रस्ते लागत असतील, तर नुसत्या 'एम+एस' (मड आणि स्नो) अक्षरांवर जाऊ नका. तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असलेला टायर बर्फावरच्या ठरावीक चाचणीत पास झालेला असतो. शेवटी साइडवॉलवरचा डीओटी कोड वाचा. त्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरांवरचा हा आकडा फिटिंगच्या आधीच जुळवून बघा, कारण काही वेळा कोडची बाजू गाडीच्या आत जाते आणि मग वाचायला खाली वाकावं लागतं.