छेदणाऱ्या धावपट्ट्या की समांतर?

मुंबई विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ या क्रमांकांच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच चालते. तरीही २०१८ मध्ये मुंबईने २४ तासांत हजारावर उड्डाणं-उतरणं हाताळली. विमानांना सूचना देणाऱ्या टॉवरमधल्या माणसांच्या डोक्यावरचा हा ताण प्रवाशांना कळतच नाही. उतरलेलं विमान वेळेत बाहेर वळलं नाही, तर मागच्याला 'गो अराउंड' (न उतरता पुन्हा वर जा) सांगावंच लागतं. जून २०२४ मध्ये ०९/२७ या धावपट्टीवर एक विमान उडत असतानाच दुसरं उतरलं. अपघात टळला, पण अंतर किती कमी राहतं हे साऱ्या देशाने पाहिलं.

समांतर धावपट्ट्यांचं गणित वेगळं. मध्यरेषांत किमान १,०३५ मीटर अंतर असेल आणि उपकरणं-कार्यपद्धती तशी असेल, तर दोन्हींवर स्वतंत्रपणे विमानं उतरवता येतात. दिल्लीत समांतर धावपट्ट्यांचा मोठा फायदा होतो. धोका तिथे जमिनीवर सरकतो: टर्मिनलकडे जाताना चालू धावपट्टी ओलांडावी लागू शकते. म्हणून 'होल्ड शॉर्ट' (धावपट्टीच्या अलीकडेच थांबा) ही सूचना वैमानिकाने धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणायची असते. नुसतं 'रॉजर' (ऐकलं) चालत नाही.

छेदणाऱ्या रचनेची एक बाजू खरी आहे: वारा फिरला की दुसरी दिशा हाताशी असते. पण रोजच्या गर्दीत मी समांतरच निवडेन. नवी मुंबईच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत, ते योग्यच. दुसरी लवकर व्हायला हवी.